कागदात गुंडाळलेली गोळी आणि विल्यम मेटफोर्ड

गणेशोत्सवाच्या आगेमागेच १५ सप्टेंबरला अभियंता दिन येतो. आपल्या मंडळींपैकी कितीतरी जण रेल्वे, आयुध निर्माणी आणि कारखान्यांतील नोकरीसाठी घर सोडून निघाले आणि जिथे गेले तिथलेच झाले. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी एका अभियंत्याचे चरित्र निवडले आहे. ते मराठी नव्हेत, भारतीयही नव्हेत. पण १८५७ साली रेल्वेच्या नोकरीसाठी तेही आपल्या देशात आले होते. त्यांचे नाव विल्यम एलिस मेटफोर्ड.

मेटफोर्ड यांचा जन्म ४ ऑक्टोबर १८२४ रोजी इंग्लंडमधील टाँटन या गावी झाला. वडील डॉक्टर होते आणि त्यांना नेमबाजीचा भारी नाद. घराजवळच्या शेतात त्यांनी नेमबाजीचा क्लबच काढला होता. मुलाला हे वेड तिथेच लागले. शाळा संपल्यावर मेटफोर्ड यांनी ब्रिस्टल–एक्झेटर रेल्वेवर उमेदवारी केली. मोजणीचे थिओडोलाइट हे यंत्रही त्यांनी सुधारले. पोटापाण्यासाठी रेल्वे आणि मनासाठी बंदूक, असा त्यांचा दिनक्रम होता.

त्या काळची बंदूक ठासणीची. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू नळीच्या तोंडातून ओतायची आणि वरून गजाने शिशाची गोळी ठासायची. ही दारू जळली की तिचा निम्म्याहून अधिक भाग काजळी होऊन मागे उरतो. चार-सहा बार झाले की नळी आतून भरून येते. त्यातच नळीला पिळाच्या खाचा असतात. त्यांत गोळी घट्ट बसली तर ती फिरत जाते आणि नेम लागतो. पण घट्ट गोळी काजळी धरलेल्या नळीत उतरत नाही आणि सैल गोळी नेम धरत नाही. खरी अडचण होती ती ही.

१८५२ च्या अखेरीस मेटफोर्ड यांनी एक उपाय सुचवला. गोळी नळीपेक्षा किंचित लहान आणि बुडाशी पोकळ करायची, म्हणजे ती सहज उतरेल आणि दारूच्या दाबाने फुगून खाचांत बसेल. प्रिचेट या बंदूक-कारागिराच्या मदतीने ही गोळी तयार झाली आणि एनफिल्ड बंदुकीसाठी सरकारने ती स्वीकारली. १००० पौंडांचे बक्षीस मात्र प्रिचेट यांना मिळाले.

या गोळीचे काडतूस कागदाचे असे. शिपायाने त्याचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून गोळी तिच्या कागदासह नळीत घालायची, उरलेला कागद तोडून टाकायचा आणि गज मारायचा. गोळी सुळकन उतरावी म्हणून त्या कागदाला चरबी लावलेली असे. पुढची कथा आपल्याला ठाऊकच आहे. चरबी गाईची आणि डुकराची आहे, ही बातमी छावण्यांतून पसरली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे ठाकले, १० मे रोजी मेरठ पेटले आणि पुढे कानपूर, बिठूर, झाशी. उठावाची कारणे अनेक होती, पण ठिणगी पडली ती या काडतुसावरून. चरबीचा निर्णय मेटफोर्ड यांचा नव्हता. ज्यांचा होता, त्यांनी गोळीचे माप घेतले, पण ते काडतूस कोणाच्या तोंडात जाणार याचा विचार केला नाही.

त्याच वर्षी मेटफोर्ड ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीवर गंगाकाठी मुंगेरला पोहोचले. रूळ टाकायला आलेल्या या माणसाला तिथे शहराच्या बचावाची मोर्चेबांधणी करावी लागली. अर्थात ते इंग्रजांच्या बाजूने उभे होते. त्या धावपळीत त्यांची प्रकृती इतकी ढासळली की वर्षभरात त्यांना मायदेशी परतावे लागले आणि रेल्वेची नोकरी कायमची सुटली. पुढे १८६२ साली मुंगेरजवळच जमालपूरला रेल्वेचा मोठा कारखाना उभा राहिला, पण तो पाहायला मेटफोर्ड इथे नव्हते.

आता सारा वेळ बंदुकीला मिळाला. तेव्हा नळीच्या खाचा खोल आणि गोळी मऊ शिशाची असे. मेटफोर्ड यांनी दोन्ही बदलले. खाचा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या उथळ केल्या आणि गोळी कठीण केली. तिच्याभोवती पातळ पण चिवट कागद. हा कागद दोन्ही टोकांना तिरपा कापतात. तो किंचित ओला करून गोळीभोवती बरोबर दोन वेढे देतात. टोके एकमेकांना भिडली पाहिजेत, पण एकावर एक चढता कामा नयेत. चढली तर तेवढ्याने गोळी एका अंगाला जाड होते आणि नेम चुकतो. उरलेला कागद बुडाशी दुमडायचा आणि वाळू द्यायचा. वाळताना तो आवळून बसतो. बार होताच गोळी फुगते, खाचांच्या कडा कागद कापतात आणि नळीबाहेर पडताच त्याच्या चिंध्या उधळल्या जातात. शिसे पोलादाला शिवतच नाही. अशी गोळी साधारण ३० ते ३५ ग्रॅमची, म्हणजे जवळपास तीन तोळ्यांची असे. पुढच्या बाराआधी नळी पुसून घ्यायची, हा नेमबाजाचा नित्यनेम.

१८६५ साली त्यांची पहिली स्पर्धेची बंदूक आली. १८७१ साली मागून भरण्याची बंदूक विंबल्डनच्या मैदानावर उतरली आणि पहिल्याच खेपेस बक्षीस घेऊन गेली. त्यांची स्फोटक गोळीही सरकारने १८६३ मध्ये स्वीकारली होती. पण १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्या वापरण्यास बंदी घातली आणि ती मोडीत निघाली. जखमी माणसाच्या यातना विनाकारण वाढवू नयेत, हे तेव्हा राष्ट्रांनी मान्य केले.

१८८८ साली ब्रिटिश सैन्याने ली यांची यंत्रणा आणि मेटफोर्ड यांची नळी एकत्र करून ‘ली-मेटफोर्ड’ बंदूक घेतली. तोवर कागदाची जागा धातूच्या आवरणाने घेतली होती. लवकरच काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट आले. त्याच्या उष्णतेने उथळ खाचा झिजू लागल्या. १८९५ मध्ये एनफिल्ड खाचांची नळी आली आणि बंदुकीच्या नावातून मेटफोर्ड गेले. तिच्याच वंशातली बंदूक पुढे ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. आपली ओळखीची ‘थ्री नॉट थ्री’ ती हीच. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० साली तिला निरोप दिला. १८९२ मध्ये प्रकृतीने पुरती साथ सोडलेले मेटफोर्ड १४ ऑक्टोबर १८९९ रोजी ब्रिस्टल येथे वारले.

बक्षीस दुसऱ्याला मिळाले, नोकरी सुटली, नावही पुसले गेले, तरी या माणसाने काम अचूक करणे सोडले नाही. हा गुण आपण त्यांच्याकडून जरूर घ्यावा. त्याचबरोबर १८५७ चे काडतूसही आठवावे. कागद, गोळी, दारू सारे मापात होते. ते वापरणाऱ्या माणसाला मात्र कोणी विचारले नव्हते. आपल्यापैकी कोणी पूल बांधतो, कोणी इंजिन दुरुस्त करतो, कोणी नुसती फाईल पुढे सरकवतो. ज्याच्या हाती ते जाणार आहे, त्याची आठवण ठेवण्याची बुद्धी बुद्धिदात्या गजाननाने आपल्या सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!