बाबासाहेबांची हॅट

आमच्या पेडण्यात हॅटला चेपें म्हणतात. शब्द मुळातला पोर्तुगीज, कोकणीत येऊन तो घरचाच झाला. मराठ्यांच्या कागदपत्रांत तर युरोपातून आलेल्या लोकांना डोक्यावरच्या वस्तूवरूनच नाव पडलं होतं: टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हे टोपीकर भेटतात. वरवर व्यापारी, पण यांच्याकडे नुसतं व्यापारी म्हणून बघू नका, असा तिथे इशारा आहे. तो खरा होता हे आपल्याला वेगळं सांगायला नको. डिचोली १७८१ साली गेली, पेडणे १७८८ साली.

म्हणजे टोपी ही आपल्याकडे नुसती उन्हापासून बचावाची वस्तू कधीच नव्हती. डोक्यावर काय आहे त्यावरून माणूस कोण, कुठला, कोणाचा हे लोक ठरवून मोकळे व्हायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या फोटोंकडे मी बघायला लागलो तो याच नजरेने. पुतळ्यांत सूट असतो, टाय असतो, हातात पुस्तक असतं, पण डोकं बहुतेक उघडंच. जुन्या फोटोंत मात्र अधूनमधून फेल्टची हॅट दिसते. मऊ, मध्ये खाच पडलेली, भोवती रिबीन.

ही हॅट कशी बनते तेही थोडं सांगतो, कारण गंमत आहे. फेल्ट विणत नाहीत. लोकर किंवा सशाची, बीव्हरची लव ओली करून, वाफ देऊन इतकी दाबायची की केसांत केस अडकून त्यांचं जाड कापडच होतं. पूर्वी या कामात पाऱ्याचं क्षार वापरत आणि कारागिरांचे हात थरथरायला लागत, डोकी बिघडत. या हॅटच्या एका प्रकाराला फेडोरा हे नाव मिळालं ते १८८२ साली पॅरिसमध्ये आलेल्या नाटकावरून. नाटकाची नायिका फेडोरा, भूमिका सारा बर्नहार्टची. म्हणजे पुरुषांच्या या रुबाबदार हॅटचं नाव एका बाईचं! आपल्याकडे भगतसिंगांचा हॅटमधला फोटो घराघरांत पोचला, तो १९२९ सालचा.

पण बाबासाहेबांची टोपीशी गाठ त्याच्या खूप आधीची. जन्म १४ एप्रिल १८९१, महूचा. लहानपण दापोलीत, मग साताऱ्यात. १९०१ साली वडील रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यातच गोरेगावला नोकरीला होते. सुट्टीत मुलांनी तिकडे जायचं ठरलं. पहिलाच रेल्वेचा प्रवास! त्यासाठी नवे सदरे शिवले, रेशीमकाठी धोतरं घेतली आणि डोक्यावर चमचमणाऱ्या टोप्या. मसूर स्टेशनवर ही भावंडं-भाचरं उतरली. वडिलांना पत्र मिळालंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणी नाही. कपडे बघून स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करू लागला, ही ब्राह्मणांची पोरं असं त्याला वाटलं. पोरांनी महार म्हणून सांगितलं मात्र, त्याचा चेहराच पालटला. गाडीवाले भाड्याने न्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट पैशावर कबूल झाला, तोही मुलांनीच बैल हाकायचे आणि त्याने पायी चालायचं, या अटीवर. रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. टोप्या डोक्यावर तशाच चमकत असणार.

पुढे १९१३ साली कोलंबिया विद्यापीठ, नंतर लंडन. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला आले तर राहायला जागा नाही, म्हणून पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. पुन्हा लंडनला जाऊन १९२३ पर्यंत डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टरही झाले. आणि १९२९ साली चाळीसगावला याच बॅरिस्टरांना न्यायला टांगेवाला तयार झाला नाही! टांगा मिळाला, पण हाकणारा वस्तीतलाच, त्याला सवय नव्हती. टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला.

इथे आपल्याला वाटेल, मग सुटाबुटाचा उपयोग काय झाला? मला वाटतं, हा प्रश्नच उलटा आहे. १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरच्या त्यांच्या भाषणात (लाहोरला ते होऊच दिलं नाही, म्हणून छापलं) इंदूरकडच्या बलाई लोकांची हकिकत आहे. गावच्या सवर्णांनी त्यांच्यासाठी नियमच काढले होते. जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. त्या गावांपैकी दोघांची नावं बिचोलीने सुरू होतात. वाचताना आमच्या डिचोलीचा माणूस दचकेलच. मसूरला पोरांच्या अंगावर होतं तेच नेमकं इथे बंद केलेलं!

ज्याला चांगलं पागोटं बांधायची बंदी, त्याने हॅट घालणं ही साहेबाची नक्कल नव्हे. गांधी टोपीच्या त्या काळात त्यांच्या सुटाला विलायती म्हणून नाकं मुरडणारे होतेच. पण साधेपणा मिरवायला आधी निवड हातात असावी लागते. महाडला १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी बायकांनाही हेच सांगितलं होतं, जातीची खूण पटवणारी नेसण्याची तऱ्हा सोडा, नीटनेटक्या राहा. त्या नऊवारीची नेसण बदलण्यातही हॅटइतकंच धाडस होतं, किंबहुना जास्तच, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी गावातच परतायचं होतं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेताना मात्र अंगात विलायती सूट नव्हता. पांढरं धोतर, पांढरा कोट आणि डोकं उघडं. दोन महिनेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबरला दिल्लीत ते गेले. त्यांचे कपडे आणि रोजच्या वापरातल्या वस्तू नागपूरजवळ चिचोलीला जपून ठेवल्या आहेत. सोसायटीची पुढची सहल विदर्भात निघाली, तर वाट वाकडी करून बघून यायला हवं.