शेगावचा निःसंग योगी आणि आपला आरसा

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव आज संत गजानन महाराजांच्या नावाने ओळखले जाते. महाराज कोठून आले, त्यांचे मातापिता कोण, कूळ कोणते, याचा निश्चित उलगडा आजतागायत झालेला नाही. जे ज्ञात आहे त्याचा आरंभ २३ फेब्रुवारी १८७८ या दिवसापासून होतो. त्या दिवशी देविदास पातुरकर यांच्या घरी जेवणावळ होती. बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अग्रवाल व दामोदरपंत कुलकर्णी यांच्या दृष्टीस पडला. अंगात जुनी बंडी, पाण्यासाठी भोपळा आणि हाती चिलीम, एवढाच त्याचा संसार. वरकरणी पाहणाऱ्याने त्याला वेडा ठरवून पुढे जावे, असा तो अवतार होता. बंकटलालाने मात्र त्याच्या मुद्रेवरील तेज ओळखले. दासगणू महाराजांनी १९३९ साली रचलेल्या ‘श्रीगजाननविजय’ या एकवीस अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथात हा वृत्तान्त आहे. पुढील प्रसंगही त्याच ग्रंथाच्या आधारे सांगितले आहेत.

पुढे बंकटलालाने महाराजांना आपल्या घरी आणले आणि मोठ्या थाटाने मंगलस्नान घातले. शंभर घागरी ऊन पाणी, शिकेकाई, साबण, हिना, चमेलीचे तेल, सुगंधी उटणी. त्या काळच्या सुखवस्तू घरातील सारी प्रसाधने भक्तांनी आपल्या हातांनी त्यांच्या अंगाला लावली. अंगावर पीतांबर चढवला, कपाळी केशराचा टिळा रेखला. महाराजांनी हे सारे करू दिले. पण पत्रावळीवरील शिते वेचताना त्यांची जी वृत्ती होती, तीच या सुगंधी स्नानातही राहिली. उटण्याने ते सुखावले नाहीत आणि धुळीने खंतावले नाहीत.

वस्त्राचीही तीच गत. भक्तांनी नेसवलेले वस्त्र ते सहज टाकून देत. या दिगंबर वृत्तीमुळे प्रकरण मॅजिस्ट्रेटसमोर गेले आणि शिष्याला दंड भरावा लागला, असे ग्रंथ सांगतो. समाज देहावरून माणसाची प्रतिष्ठा ठरवत होता. महाराज मात्र देहाकडे भाड्याच्या घराकडे पाहावे तसे पाहत होते.

या वृत्तीचा खरा कस लागला तो सवडद येथील गंगाभारती गोसावी यांच्या बाबतीत. गंगाभारतींना महारोग जडला होता. लोक त्यांना महाराजांच्या जवळ फिरकू देत नसत. एके दिवशी संधी साधून त्यांनी महाराजांचे चरण धरले. महाराजांनी त्यांना चापट्या मारल्या, त्यांच्यावर थुंकले. पाहणाऱ्यांना किळस आली; गंगाभारतींनी मात्र ती थुंकी मलमासारखी अंगाला चोळली. महाराजांच्या स्नानाच्या जागेची माती ते अंगाला लावू लागले आणि एकतारीवर भजने गाऊ लागले. त्यांचा आवाज महाराजांना प्रिय झाला. रोग हटला, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पण व्याधी बरी होण्यापूर्वीच एक गोष्ट घडून गेली होती, ती विसरता कामा नये. ज्याच्या सावलीलाही लोक टाळत, त्याला बसायला जागा मिळाली आणि त्याच्या गाण्याला श्रोता मिळाला.

त्या काळी या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी त्याचा जंतू १८७३ मध्ये शोधला होता, परंतु ते ज्ञान गावापर्यंत पोहोचायचे होते. १८९८ च्या कायद्याने तर निराधार रुग्णांना पकडून कोंडून ठेवण्याची मुभा दिली. बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकात सुरू झाले आणि कुष्ठरोग पूर्णपणे बरा होऊ लागला. म्हणून आज अंगावर बधिर चट्टा दिसल्यास माती वा अंगारा न लावता त्वरित डॉक्टरांकडे जावे, हे स्पष्ट सांगणे श्रद्धेच्या विरोधात नाही.

आज शहरातील घराघरांत आरशाखालच्या फळीवर साबण, फेसवॉश, क्रीम यांची रांग असते. त्वचेची निगा हा आरोग्याचाच भाग आहे. उन्हापासून बचाव, स्वच्छता, कोरड्या अंगाला तेल, यात गैर काही नाही. गैर आहे ते चेहऱ्यावरील मुरमांचे डाग मोजून स्वतःची किंमत ठरवणे. वर्ण सावळा म्हणून मुलगी नाकारली जाते, कोडाचा डाग दिसला की जमलेले लग्न मोडते. कोड संसर्गजन्य नाही, हे ठाऊक असूनही हे घडते. ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या नावातील गोरेपणाचा उल्लेख २०२० मध्ये गळला. मनातला तो अद्याप गळायचा आहे.

८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, महाराजांनी शेगावातच समाधी घेतली. शेगावातील त्यांच्या वास्तव्याला तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती. त्यांच्यासारखी विदेही अवस्था सामान्य संसारी माणसाला साधणारी नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. आपण उटणे लावावे, आरशातही पाहावे. परंतु शेजारी बसलेल्या माणसाच्या कातडीवरून त्याची योग्यता ठरवण्याचा मोह झाला, तर एकतारी घेऊन बसलेले गंगाभारती आठवावेत. महाराजांच्या चरित्रातून एवढे उचलता आले, तरी शेगावची वारी घरबसल्या घडली असे म्हणता येईल.