सरखेल कान्होजी आंग्रे

अलिबागच्या बाजारात जाता-येता कान्होजी आंग्र्यांची समाधी आपण सगळ्याच पाहतो. मीही कित्येक वर्षे हातात भाजीची पिशवी घेऊन तशीच पुढे जात होते. यंदा स्मरणिकेसाठी काही लिही, असा मंडळातल्या बायकांनी आग्रह केला, तेव्हा मनात आले की यांच्याविषयीच लिहावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चुकलेमाकले तर भगिनींनी पोटात घालावे.

कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. त्यामुळे मुलाला दर्या लहानपणापासून ओळखीचा. औरंगजेबाच्या स्वारीत राज्याची दाणादाण उडाली, तेव्हा कोकणचा किनारा ज्यांनी राखला त्यांत कान्होजी पुढे आले. राजाराम महाराजांच्या काळात त्यांना सरखेल हा किताब मिळाला. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य. पुढे शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या तंट्यात ते आधी ताराबाईंकडे होते. १७१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी गोडीगुलाबीने त्यांना शाहू महाराजांकडे वळवले.

इंग्रजांची जहाजे मोठी, तोफाही जास्त. मग कान्होजी त्यांना भारी कसे पडले? त्यांच्या गुराबा आणि गलबते लाकडाची, तळाला उथळ, म्हणून खाडीत सहज शिरत. वारा पडला की मोठे जहाज जागच्या जागी उभे राही. गलबत मात्र चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चाले, आणि जड गुराबेलाही दोर लावून ओढून नेई. ती चालवणारे कोळी, भंडारी आपल्याच किनाऱ्यावरचे. इंग्रज कान्होजींना चाचे म्हणत. कान्होजींचे म्हणणे असे की, आमच्या पाण्यातून जाणाऱ्याने आमचा परवाना घ्यावा. १७१८ साली इंग्रज खांदेरीवर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर आले, तरी किल्ला पडला नाही. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले.

त्यांच्या मागे भाऊबंदकी माजली. मानाजी कुलाब्यास, संभाजी दक्षिणेस, असे घर दुभंगले. पुढे तुळाजी आंग्रे व पेशवे यांचे बिनसले. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. कान्होजी असताना परक्यांना जे साधले नाही, ते आपसांतल्या भांडणाने झाले.

हे वाचताना मला माहेरचा मचवा आठवला. आजोबांनी तो सागवानी फळ्यांचा बांधून घेतला होता. फळीच्या खाचेत फळी बसवलेली, दरवर्षी माशाचे तेल पाजून मुरवलेली. पुढे फायबरची होडी आली आणि मचवा वाळूत उपडा पडला. तीन पावसाळ्यांनंतर घरच्यांनी तो फोडला. त्याच्या ढलप्या मीच चुलीत घातल्या. लाकूड तेलाने मुरलेले, लगेच पेटले, आणि भात लवकर झाला म्हणून मला बरेही वाटले. आज मात्र ते आठवले की घास अडतो. आमचा मचवा कोणा शत्रूने जाळला नव्हता.

२०२५ च्या जुलैत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. आनंदच झाला. पण दगड उन्हापावसात टिकतो, लाकूड हयगय केली की जाते, आणि ते घडवणारा मिस्त्री गेला की त्याच्याबरोबर विद्याही जाते.

म्हणून माझी एक विनंती आहे. ज्यांच्या घरी जुनी होडी असेल, त्यांनी ती फोडण्याआधी मंडळात सांगावे. तिची मापे घेऊ, भागांची नावे म्हाताऱ्यांना विचारून वहीत उतरवू, आणि जमले तर एखादी छपराखाली ठेवू. एवढे आपल्या हातून झाले, तर समाधीवरून जाताना मान वर करून बघता येईल.