थडग्यावरचं जास्तीचं अक्षर

परवा रविवारी मी पोह्यांना फोडणी देत होते, तेवढ्यात लेक मोबाइल घेऊन ओट्यापाशी आली. एल्व्हिस प्रेस्ली मेलाच नाही, असं सांगणारा व्हिडीओ तिला सापडला होता. मला हसूच आलं. अगं, माझ्या आईच्या तरुणपणापासूनचं हे खूळ! आईच्या पिढीला एल्व्हिस माहीत होता तो मुख्यतः शम्मी कपूरमुळे. शम्मीला आपल्याकडे भारताचा एल्व्हिस म्हणायचे ना!

व्हिडीओतला मुख्य पुरावा होता थडग्यावरचं नाव. एल्व्हिसचं मधलं नाव ॲरन. जन्माच्या वेळी त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकच ए होता, थडग्यावर मात्र दोन आहेत. म्हणजे ते थडगं खोटं, आत कुणी नाहीच! रेशनकार्डावर माझं नाव आजवर तीन तऱ्हांनी लिहिलं गेलंय, त्यामुळे मला हा पुरावा काही पटेना. पण नावाच्या मागे गेले आणि एका आईची गोष्ट हाती लागली.

मिसिसिपी राज्यातलं टुपेलो गाव. वडील व्हर्नन यांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर. ८ जानेवारी १९३५ ला ग्लॅडिसला जुळी मुलं झाली. पहिला जेसी गॅरन मृतच जन्मला. मागोमाग आलेला एल्व्हिस जगला. गॅरनला जुळणारं म्हणून ॲरन, एका ए चं. एक मूल गेल्यावर दुसऱ्यावर आईचा जीव कसा जडतो, ते वेगळं सांगायला नको. दोघांचं बळ या एकात आलंय, अशी ग्लॅडिसची श्रद्धा होती. एल्व्हिस तीन वर्षांचा असताना चेकमध्ये खाडाखोड केल्यावरून व्हर्ननला तुरुंगात जावं लागलं. मायलेक आणखीच घट्ट झाले. अकराव्या वाढदिवसाला आईने त्याला गिटार घेऊन दिली.

१९४८ मध्ये कुटुंब मेम्फिसला आलं. एल्व्हिस ट्रक चालवायचा. १९५४ मध्ये सन कंपनीत त्याचं पहिलं गाणं निघालं आणि दोन वर्षांत सगळा देश त्याच्या मागे वेडा झाला. गोऱ्या मुलाच्या गळ्यातून काळ्या वस्त्यांचं संगीत येत होतं. मुली किंचाळायच्या, आईबाप चिडायचे. टीव्हीवाल्यांनी तर १९५७ च्या एका कार्यक्रमात त्याला कमरेच्या वरच दाखवलं! त्याच वर्षी त्याने ग्रेसलँड हे मोठं घर घेतलं. आईबापही तिथेच राहायला आले.

पण त्या बंगल्यात ग्लॅडिस एकटी पडली. लेक सतत दौऱ्यावर, फाटकाबाहेर गर्दी. ती पिऊ लागली, तब्येत ढासळली. १९५८ मध्ये एल्व्हिसला लष्करात भरती व्हावं लागलं आणि १४ ऑगस्टला ती गेली. वय ४६. तो दफनाच्या वेळी अक्षरशः कोसळला होता. त्यानंतर जर्मनीत त्याला प्रिसिला भेटली. ती १४ वर्षांची, तो २४ चा. आज एका मुलीची आई म्हणून हे वाचताना अंगावर काटा येतो. १९६७ मध्ये लग्न, १९६८ मध्ये लेक लिसा मेरी, १९७३ मध्ये घटस्फोट.

१६ ऑगस्ट १९७७ ला तो ग्रेसलँडच्या बाथरूममध्ये निपचित सापडला. वय अवघं ४२. हृदय बंद पडलं, असं जाहीर झालं. शवविच्छेदनाचा अहवाल मात्र कुटुंबाचा खासगी म्हणून बंदच राहिला आणि मग काय, शंकांना ऊत आला. शवपेटीत मेणाचा पुतळा होता म्हणे. जॉन बरोज नावाने त्याने अर्जेंटिनाचं तिकीट काढलं म्हणे. इंग्रजी नावातली अक्षरं फिरवली की जगतो आहे अशा अर्थाचा शब्द होतो, हीदेखील खूण! १९७० मध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भेटून अमली पदार्थविरोधी खात्याचा बिल्ला मिळवला होता, म्हणून तो गुप्त एजंट होता आणि सरकारने त्याला लपवलं, असंही मानणारे होते. आज तो नव्वदी ओलांडलेला असता, तरी काहींची आशा सुटत नाही.

आणि ते जास्तीचं अक्षर? एल्व्हिसला स्वतःलाच बायबलमधलं दोन ए चं स्पेलिंग हवं होतं. व्हर्ननने दगडावर ते कोरून घेतलं. तो मृतदेह चोरण्याचा प्रयत्न झाला म्हणून ऑक्टोबर १९७७ मध्ये मायलेकांना ग्रेसलँडच्या बागेत शेजारी शेजारी आणलं. बायको गेलेली, दोन्ही मुलगे गेलेले. त्या बापाने लेकाची शेवटची हौस पुरवली. जगाने त्यात कट शोधला.

खरी खूण तर घरात उघड्यावर पडली होती. १९७७ च्या त्या साडेसात महिन्यांत त्याच्या डॉक्टरने दहा हजारांवर डोस लिहून दिले होते. झोपेसाठी, जागं राहण्यासाठी, दुखण्यासाठी. डॉक्टर खटल्यातून सुटला, परवाना मात्र १९९५ मध्ये गेला. एल्व्हिस स्वतःला व्यसनी मानतच नव्हता. गोळ्या डॉक्टरने दिल्यात ना, मग ते औषध! निक्सनचा बिल्ला खिशात आणि गोळ्या उशाशी. घरात इतकी माणसं, पण त्याला थांबवणारं कुणी नव्हतं. सगळ्यांचा पगार त्याच्याकडूनच होत होता.

हे वाचताना मला माझी आई आठवली. बाबा गेल्यावर डॉक्टरांनी तिला पंधरा दिवसांसाठी झोपेची गोळी दिली होती. ती चार वर्षं चालली. जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानदार द्यायचा. आणून मीच द्यायची. आई दुपारी बोलता बोलता हरवायची, आम्ही म्हणायचो, वय झालं. ती बाथरूममध्ये पडली तेव्हा कुठे नव्या डॉक्टरांनी विचारलं, ही गोळी कधीपासून? मग त्यांनी ती हळूहळू, महिने लावून कमी केली. आई वाचली. आमच्या डोळ्यांसमोरच्या डब्यात ती पट्टी रोज दिसत होती, पण आम्हाला दिसली नाही.

लेकीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, तो लपून बसलाय हेच बरं वाटतं गं. मलाही तेच बरं वाटतं. पोहे झाल्यावर मात्र मी औषधांचा डबा खाली काढला आणि आम्ही दोघींनी एकेक पट्टी कुणाची, कधीची, ते पाहायला घेतलं.