खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म : गोळेश्वर, तालुका कऱ्हाड, १५ जानेवारी १९२६, मृत्यू : १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी मुक्त शैलीतील ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यापूर्वी १९०० सालच्या पॅरिस स्पर्धेत कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती. परंतु तो काळ पारतंत्र्याचा होता. लहान चण आणि विजेसारखी चपळाई यांमुळे खाशाबा 'पॉकेट डायनामो' या नावाने ओळखले जात.

बालपण आणि शिक्षण

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या गावी शेतकरी कुटुंबात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच आखाड्याचे वातावरण असल्याने पाचव्या वर्षापासून त्यांच्या अंगाला तांबडी माती लागली. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी परिसरातील एका नावाजलेल्या मल्लाला अवघ्या दोन मिनिटांत हरवल्याची आठवण सांगितली जाते.

१९४० ते १९४७ या काळात त्यांचे माध्यमिक शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात सातारा जिल्हा अग्रभागी होता. विद्यार्थिदशेतील खाशाबांनीही या चळवळीत भाग घेतला. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, इंग्रज सत्तेविरुद्धची पत्रके पोहोचवणे ही कामे त्यांनी केली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी ऑलिंपिकच्या मैदानावर तिरंगा फडकवण्याचा निश्चय त्यांनी केला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

कोल्हापूर आणि राजाराम महाविद्यालय

पुढील शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरला आले. राजर्षी शाहू महाराजांनी या नगरीत कुस्तीला मोठा राजाश्रय दिला होता. गल्लोगल्ली तालमी होत्या आणि महाराजांनी बांधवून घेतलेले खासबाग मैदान देशभरातील मल्लांना आकर्षित करीत असे. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन खाशाबांना लाभले.

राजाराम महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर त्यांनी वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव देऊ केले. त्यांची शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य खर्डीकर यांच्याकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या सडपातळ विद्यार्थ्याने आपल्याहून धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांना एकामागून एक चीतपट केले. पुढे याच प्राचार्यांमुळे खाशाबांचे हेलसिंकीला जाणे शक्य झाले.

कुस्तीची शैली

त्या काळच्या मैदानी कुस्तीत वजनगटांना फारसे महत्त्व नव्हते. लोक भारी मल्लांच्या मोठ्या जोडीची वाट पाहत. वर्षानुवर्षे चालणारी दोन पैलवानांची किंवा दोन तालमींची चुरस हाच गावोगावच्या गप्पांचा विषय असे. कोण कोणाला कोणत्या डावावर लोळवतो, कोणती कुस्ती बरोबरीत सुटली, याच्या हकिगती पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात. हलक्या वजनाच्या मल्लाच्या वाट्याला हे वैभव क्वचितच येई.

खाशाबांनी ही उणीव तंत्राने भरून काढली. त्यांच्या भात्यात अनेक डाव होते. त्यांतही प्रतिस्पर्ध्याचे मस्तक आपल्या बगलेत जखडून त्याला मातीवर फेकणारा 'ढाक' हा त्यांचा हुकमी डाव मानला जाई. चपळ पदन्यास आणि डावावर प्रतिडाव टाकण्याची हातोटी यांमुळे थोराड प्रतिस्पर्धीही त्यांच्यापुढे गोंधळून जात.

लंडन ऑलिंपिक, १९४८

स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक पथकात खाशाबांची निवड झाली. प्रवासाच्या खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनमध्ये त्यांना अमेरिकेचे माजी विश्वविजेते रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन मिळाले.

येथे खाशाबांपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. त्यांचे आयुष्य मातीत घडले होते आणि स्पर्धा होती गादीवर. मातीवरील निकाली कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकली की निकाल लागतो. गादीवरच्या कुस्तीत वेळेची मर्यादा, पंचांचे गुण आणि आंतरराष्ट्रीय नियम यांचे भान ठेवावे लागते. पायाखालची पकडही निराळी असते. अशा परिस्थितीतही ५२ किलो गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांतच हरवून प्रेक्षकांना चकित केले. त्यानंतर अमेरिकेच्या बिली जर्निगनवर त्यांनी मात केली. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र ते पराभूत झाले. या स्पर्धेत त्यांना सहावे स्थान मिळाले. त्या काळापर्यंत आंतरराष्ट्रीय कुस्तीतील भारतीय मल्लाच्या दृष्टीने हे यश लक्षणीय होते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी पुढील चार वर्षे वजनगट वाढवून कसून सराव केला.

हेलसिंकीसाठी निवड आणि निधी

१९५२ च्या पथकात स्थान मिळवणे खाशाबांना सोपे गेले नाही. बंगालचे निरंजन दास हे त्यांचे देशांतर्गत प्रमुख प्रतिस्पर्धी होते. निवडीच्या वेळी आपल्याला हेतुपुरस्सर कमी गुण देऊन डावलण्यात आले, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः कुस्तीचे चाहते होते. त्यांनी दोघांची पुन्हा कुस्ती लावली. त्या लढतीत खाशाबांनी निरंजन दास यांना चीत करून वाद मिटवला.

निवड झाली, पण खर्चाचा प्रश्न उरलाच. प्रवासाची रक्कम खेळाडूने स्वतः उभी करायची होती. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांतील लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. मुंबई सरकारकडून ४,००० रुपयांचे साहाय्य मिळाले. तरीही रक्कम पुरी पडेना. तेव्हा प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या काळात ही रक्कम मध्यमवर्गीय शिक्षकाच्या दृष्टीने फार मोठी होती. शिष्य हरला असता तर घर सुटण्याचा मार्ग कठीण होता, हे जाणूनच त्यांनी हे पाऊल उचलले.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

हेलसिंकी येथे खाशाबा मुक्त शैलीतील ५७ किलो, म्हणजे बँटमवेट गटात उतरले. कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्डो बसुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांना हरवून ते अखेरच्या टप्प्यात पोहोचले.

त्यांच्यासमोर आता जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव असे दोन तुल्यबळ मल्ल होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला लंडनच्या स्पर्धेचे निमंत्रण नव्हते आणि सोव्हिएत संघ ऑलिंपिकमध्ये प्रथमच उतरत होता. त्यामुळे लंडनमधील अनुभवाचा या दोघांविरुद्ध खाशाबांना विशेष उपयोग नव्हता. इशी हा मूळचा ज्युदोपटू होता. युद्धोत्तर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आल्यानंतर तो कुस्तीकडे वळला होता.

इशीविरुद्धची कुस्ती पूर्ण वेळ चालली आणि अत्यंत चुरशीच्या झुंजीनंतर खाशाबा थोडक्यात हरले. या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर लगेचच त्यांना मम्मदबेयोवशी लढण्यास सांगण्यात आले, असे त्यांच्या हकिगतीत नेहमी सांगितले जाते. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता. तथापि तो नियम पुढे करून भांडणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे उपस्थित नव्हता. इंग्रजी व्यवहाराची सवय नसलेल्या खेळाडूला आपली बाजू मांडता आली नाही. थकलेल्या खाशाबांचा मम्मदबेयोवने पराभव केला. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. या स्पर्धेत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक होते.

हा दिवस २३ जुलै १९५२ चा होता. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६-१ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. साहजिकच देशाचे लक्ष हॉकीकडे गेले आणि खाशाबांच्या पदकाची दखल त्या मानाने कमी घेतली गेली. याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे हे ६२ किलो गटात चौथे आले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

स्वागत

सरकारी पातळीवर फारसा गाजावाजा झाला नाही, तरी कऱ्हाडकरांनी आपल्या मल्लाचे स्वागत मनापासून केले. कऱ्हाड रेल्वे स्थानकावर १५१ बैलगाड्या सजवून लोक आले होते. एरवी १५ मिनिटांत पार होणारे अंतर कापण्यास त्या मिरवणुकीला सुमारे सात तास लागले. ढोल, लेझीम आणि गुलाल यांनी वाट भरून गेली होती.

त्यानंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली आणि स्वतः त्यांत लढून विजय मिळवले. त्या मिळकतीतून त्यांनी प्राचार्य खर्डीकर यांचे गहाण पडलेले घर सोडवले.

याच दशकात मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग यांच्यासारख्या व्यावसायिक मल्लांच्या लढतींना तिकीट काढून हजारोंची गर्दी होत असे. दोन मल्लांमधील वैर, आव्हाने आणि सूड यांभोवती या खेळाची जाहिरात केली जाई. ऑलिंपिक कुस्ती हौशी खेळाडूंची असल्याने तीत पैसा नव्हता. खाशाबांसारख्या मल्लाला पदकानंतरही उपजीविकेसाठी नोकरी शोधणे भाग होते.

पोलीस खात्यातील सेवा

१९५५ साली खाशाबा मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. खात्याच्या क्रीडास्पर्धांत त्यांनी यश मिळवले आणि क्रीडा मार्गदर्शक म्हणूनही काम पाहिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांना आशा होती. परंतु गुडघ्याच्या दुखापतीमुळे ती पुरी झाली नाही. सुमारे २७ वर्षांच्या सेवेत त्यांना पदोन्नतीसाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागली. सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते १९८३ मध्ये निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ साली दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेच्या मशालदौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले, हा त्यांच्या हयातीतील मोजक्या सन्मानांपैकी एक होता.

निधन

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात खाशाबांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते. ज्या स्वातंत्र्यदिनी त्यांनी तिरंगा फडकवण्याचा निश्चय केला होता, त्याच्या आदल्या दिवशी त्यांची जीवनयात्रा संपली.

सन्मान आणि वारसा

खाशाबांचे बहुतेक सन्मान मरणोत्तर आहेत.

- १९९२-९३ : महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार
- २००० : केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार
- २०१० : राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेच्या निमित्ताने दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव
- २०२३ : १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस 'राज्य क्रीडा दिन' म्हणून साजरा करण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय, त्याच वर्षी जन्मदिनी गूगलच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र

वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवूनही त्यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही. तो मरणोत्तर द्यावा, ही मागणी कुस्तीप्रेमी आणि त्यांचे कुटुंबीय अनेक वर्षांपासून करीत आले आहेत.

खाशाबांच्या पदकाचे मोल पुढील वर्षांच्या हिशेबातून स्पष्ट होते. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळण्यास ४४ वर्षे लागली. १९९६ साली अटलांटा येथे लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकले. कुस्तीतील पुढचे पदक ५६ वर्षांनी, २००८ साली बीजिंग येथे सुशीलकुमार यांनी मिळवले. महाराष्ट्राला तर दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी ७२ वर्षे थांबावे लागले. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक पटकावले, तेव्हा राज्यभर पुन्हा एकदा खाशाबांचे नाव घेतले गेले.

कऱ्हाड-कोल्हापूर परिसरातील तालमींत आजही वस्ताद मंडळी नव्या पोरांना हेलसिंकीची हकिगत सांगतात. तीत इशीबरोबरची झुंज असते, न मिळालेली विश्रांती असते आणि गहाण पडलेले घरही असते.