संन्यासी आणि सत्याग्रही : स्वामी रामानंद तीर्थ



१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी आपली मुले शाळेत झेंडावंदनाला जातात. नांदेडच्या विद्यापीठाचे नाव तर पुष्कळांच्या गुणपत्रिकेवरच छापलेले आहे. पण हे स्वामी रामानंद तीर्थ कोण, असे विचारले तर आपल्यापैकी बरेच जण गप्प बसतील. म्हणून या रविवारी थोडे त्यांच्याविषयी.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे. १९२० साली लोकमान्य टिळक वारले, तेव्हा या शाळकरी मुलाने लग्न न करता देशकार्य करण्याची शपथ घेतली. त्या वयात आपण बरेच काही ठरवतो आणि विसरतो. हे विसरले नाहीत. गांधीजींच्या हाकेसरशी सरकारी शाळा सोडली, अमळनेर आणि पुणे येथे राष्ट्रीय शिक्षण घेतले. काही काळ ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली होते. पुढे मोठे आजारपण आले. त्यातून उठल्यावर ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले आणि मराठवाड्याचेच झाले.

तेव्हा आपल्याकडे निजामाचे राज्य होते. बहुसंख्य लोकांची भाषा मराठी, तेलुगू किंवा कन्नड, पण कारभार उर्दूत. 'गश्ती निशान ५३' या हुकुमामुळे साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागे.

१४ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी संन्यास घेतला. आपले फादर आणि सिस्टर व्रते घेतात, त्यामुळे आपल्याला हे थोडे समजते. पण भगवी वस्त्रे घालून ते कुठल्या गुहेत गेले नाहीत. ते वर्गात शिकवत राहिले, आधी हिप्परग्याला, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. १९३८ साली लातूरला महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन झाले. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचे ठरले, आणि जन्माला येण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजी तुरुंगात गेले, आणि पुढच्या दहा वर्षांत पुन्हा पुन्हा जात राहिले.

१५ ऑगस्ट १९४७ ला सारा देश आनंदात होता. आपल्याकडे तिरंगा लावणे गुन्हा होता. त्या दिवशी स्वामीजींना अटक झाली. स्टेट काँग्रेसची कृती समिती भोकरचे दिगंबरराव बिंदू यांच्याकडे होती. सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. रझाकारांचा जुलूम वाढत होता. बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे १९४६ मध्येच मारले गेले होते. १९४८ च्या जानेवारीत उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. गांधीजींना मानणाऱ्यांच्या संघटनेने बंदूक हाती घेतली, हे लपवण्यात अर्थ नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले.

पुढची गोष्ट झेंडावंदनाच्या भाषणात सहसा येत नाही. रझाकारांचा सूड असंख्य निरपराध मुसलमान कुटुंबांवर उगवला गेला. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीला उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वात जास्त हानी आढळली. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबाद व बीदर यांतच होता. तो अहवाल लोकांना २०१३ साली वाचायला मिळाला. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र तो वाचायची गरज नव्हती.

मुक्तीनंतर पक्षात दोन गट पडले, एक बूर्गुल रामकृष्ण राव यांचा, दुसरा स्वामीजींचा. १९५२ मध्ये बूर्गुल मुख्यमंत्री झाले. स्वामीजी लोकसभेत गेले, पण मंत्री कधीच झाले नाहीत. भाषावार प्रांत व्हावेत आणि हैदराबाद राज्य तीन भागांत वाटले जावे, हा त्यांचा आग्रह होता. ज्या राज्यासाठी पुन्हा पुन्हा तुरुंग सोसला, तेच मोडून टाका असे म्हणणारा पुढारी विरळाच. १९५६ साली तसेच झाले. नंतर ते खादी आणि भूदानाच्या कामात रमले. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० साली त्यांच्याच प्रेरणेने सुरू झाले होते. त्यांच्या शिष्यांपैकी पी. व्ही. नरसिंह राव पुढे पंतप्रधान झाले.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादला स्वामीजींचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच, बेगमपेठेत आहे.