सर एडवर्ड मेलॅन्बी

मुडदूस या रोगाचें मूळ शोधून काढणारे सर एडवर्ड मेलॅन्बी यांचा जन्म सन १८८४ मध्यें इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील वेस्ट हार्टलपूल या बंदरांत झाला. केंब्रिज येथें शिकत असतां त्यांस फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्यासारखे गुरु लाभले.

त्या काळीं इंग्लंडच्या कारखान्यांच्या शहरांत मुडदूस घरोघर होता. धुरानें आकाश झांकलेलें, गल्ल्या अरुंद. मुलांचीं हाडें मऊ राहत, पाय धनुष्यासारखे वांकत; मुलींच्या तर कंबरेचीं हाडें बिघडून पुढें बाळंतपणांत जिवावर बेतत असे. कोणी कोंदट हवेस दोष देई, कोणी व्यायामाच्या अभावास. सन १९१४ मध्यें वैद्यकीय संशोधन समितीनें हा प्रश्न मेलॅन्बी यांच्यावर सोंपविला.

त्यांनीं कुत्र्याचीं पिल्लें घरांत कोंडून त्यांस ओटची पेज, पाव व बेताचें दूध यांवर वाढविलें. थोड्याच महिन्यांत त्यांस मुडदूस जडला. मुक्या प्राण्यांस असें आजारी पाडावें काय, हा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल, व तो यावा हेंच बरें. परंतु अगणित बालकांचे पाय याच प्रयोगामुळें सरळ राहिले, हेंही विसरतां येत नाहीं. कॉड माशाच्या यकृताचें तेल देतांच रोग टळला. सन १९१९ मध्यें हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

एके ठिकाणीं मात्र त्यांचा तर्क चुकला. तेलांतील गुण ‘अ’ जीवनसत्त्वाचा असावा असें त्यांस वाटलें. सन १९२२ मध्यें अमेरिकेंत मॅकॉलम यांनीं तें तेल तापवून त्यांतून हवा खेळविली; ‘अ’ नष्ट झालें, तरी मुडदूस बरा करण्याची शक्ति उरलीच. त्या निराळ्या सत्त्वास ‘ड’ हें नांव मिळालें. शिवाय पिल्लें उन्हापासून दूर होतीं म्हणूनच प्रयोग साधला, कारण उन्हानें हेंच सत्त्व त्वचेंत आपोआप तयार होतें. जपानांत सेवा केलेले मिशनरी डॉक्टर पाम यांनीं सन १८९० मध्येंच सूर्यप्रकाशाकडे बोट दाखविलें होतें. तिकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं!

पुढें मेलॅन्बी यांस सन १९३७ मध्यें ‘सर’ ही पदवी मिळाली. त्यांच्या पत्नी मे याही शास्त्रज्ञ असून दांतांच्या वाढीवर त्यांनीं मोलाचें संशोधन केलें. निवृत्तीनंतर हे गृहस्थ आपल्या देशांत आले व लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. सन १९५५ मध्यें ते निवर्तले.

‘ड’ सत्त्व शरीरांत नेमकें काय करतें, हें बव्हंशीं त्यांच्या मृत्यूनंतर उलगडलें. यकृतांत व मग मूत्रपिंडांत त्याचें रूप पालटतें. रक्तावाटे तें आंतड्याच्या पेशींत शिरतें आणि तेथें एका ग्राहक प्रथिनास, कुलपांत किल्ली बसावी तसें, जडतें. ती जोडी पेशीच्या केंद्रकांतील जनुकांस आज्ञा देते, आणि त्या आज्ञेनें निर्माण झालेलीं प्रथिनें अन्नांतील कॅल्शियम उचलून रक्तांत पोंचवितात.